लाल कोळीच्या अंड्यातील जिवाणू आणि डेल्ट्यातील उन्हाळा

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथील सरफोजी राजांचे मुक्तांबाळ छत्र मराठी इतिहासप्रेमींना परिचित आहे. तेथील शेती मात्र कल्लणै कालव्यावर अवलंबून असून मेट्टूर धरणाचे पाणी प्रघाताने १२ जूनला सुटते. त्यापूर्वीचे उष्ण, कोरडे दिवस भेंडी-वांग्यावरील लाल कोळीला मानवतात. तिशीतल्या तापमानात अंड्यापासून प्रौढ अवस्थेपर्यंत जेमतेम आठ-दहा दिवस लागतात.

दोन ठिपक्यांच्या लाल कोळीत फलित अंड्यातून सहा गुणसूत्रांची मादी आणि अफलित अंड्यातून तीन गुणसूत्रांचा नर जन्मतो. त्यामुळे रोपासोबत आलेली एकटी, समागम न झालेली मादीही वसाहत उभारू शकते: आधी नर संतती, पुढे त्यांच्याशीच समागम आणि मग माद्या. पिकाचे नुकसान प्रामुख्याने माद्यांमुळे होते. आकाराने मोठ्या त्याच, आणि अंडी घालणाऱ्याही त्याच.

या हिशेबात एक सूक्ष्म भागीदार असू शकतो. वोल्बाकिया हा जिवाणू १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांनी डासात नोंदविला. तो पेशींच्या आत राहतो आणि आईच्या अंड्यातून पुढील पिढीत जातो. बाधित नराचा अबाधित मादीशी संयोग झाला, तर पित्याकडून आलेली गुणसूत्रे नीट विभागली जात नाहीत. डासात अशी अंडी मरतात. कोळीत काही मरतात, तर काहींतून पित्याची गुणसूत्रे गळून नर निपजतात, माद्या घटतात. बाधित मादीला मात्र दोन्ही प्रकारचे नर चालतात, म्हणून बाधित वंश पसरतो. अर्थात काही वंशांत जिवाणू असूनही ही विसंगती आढळत नाही.

हा जिवाणू उष्णतेला हळवा आहे. व्हॅन ओपायनेन आणि ब्रूवर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे ३२ अंश सेल्सिअसला चार पिढ्या वाढविल्यावर ७१ टक्के कोळी जिवाणूमुक्त झाल्या, सहा पिढ्यांनंतर सर्व. सहा पिढ्या म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने! तरीही डेल्ट्यातील कोळी मे अखेर जिवाणूमुक्त होतात, असे म्हणणे घाईचे ठरेल. बाष्पोत्सर्जनामुळे पानाची खालची बाजू हवेपेक्षा थंड राहू शकते आणि रात्री पारा उतरतो. जिवाणू अंशतः नष्ट होऊन बाधित व अबाधित कोळींची सरमिसळ होण्याची शक्यता अधिक वाटते, आणि विसंगतीला वाव तेथेच मिळतो.

पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेने वोल्बाकियायुक्त एडिस डास तयार केले आहेत. हीच युक्ती कोळीवर का चालू नये, असा प्रश्न मेळाव्यांत येतो. कोळीत विसंगत संयोगानंतरही नर उपजतात आणि अफलित अंडी तर अबाधितच राहतात. त्यामुळे डासाइतका परिणाम अपेक्षिणे चूक आहे. फवारणीत प्रतिजैविक मिसळण्याचा मोह त्याहून वाईट. जिवाणू गेला तरी कोळी अंडी घालतेच.

प्रसारकांनी फवारणीनंतर पानाखाली नर अधिक दिसले म्हणून कोळीनाशक लागू पडले असे समजू नये; समागम न झालेल्या माद्यांची संततीही नरच असते. दहापट भिंगाने जिवंत माद्या आणि अंडी मोजावीत. जिवाणू तपासणीसाठी नमुने एप्रिलच्या आरंभी एकदा आणि कालव्याला पाणी येण्याआधी पुन्हा, त्याच शेतातून, अल्कोहोलमध्ये घ्यावेत.