कल्पित जगातील देवांचे प्रयोजन

कल्पित जगात पाऊस लेखकच पाडतो. मग तेथे देव कशाला? तर त्या जगाचा न्याय ठरविण्यासाठी. टॉल्किनचे ‘द सिल्मरिलियन’ त्याच्या मृत्यूनंतर, १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्यात औले हा कारागीर देव उतावीळपणे, चोरून बुटक्यांची एक जात घडवितो. आदिदेव इलुवातार त्याला बजावतो, की तू मनात आणशील तेव्हाच हे हलतील. औले पश्चात्तापाने हातोडा उगारतो, तोच बुटके भयाने अंग चोरतात. कारण इलुवातारने त्यांना स्वतंत्र जीव दिलेला असतो. ज्याला स्वतःची इच्छा आहे तो घडविणाऱ्याचेही अवजार राहत नाही, असा त्या जगाचा कायदा या कथेने घालून दिला. देव कल्पित असले, तरी कामगारांच्या सभेत सांगावी अशीच ही गोष्ट आहे.