सिएरा लिओनमधील यादवी आणि संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना : अधिकार व सामर्थ्य यांतील अंतर

प्रस्तावना :
शांतिसेनेची पारंपरिक संकल्पना संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षणापुरताच बळाचा वापर या तत्त्वांवर उभी आहे. दोन राष्ट्रांमध्ये शस्त्रसंधीची रेषा स्पष्ट असते तेथे ही तत्त्वे पुरी पडतात. परंतु यादवीत संमती देणारा पक्षच ती मोडू लागला तर सेनेने काय करावे, हा प्रश्न इ.स. २००० मध्ये सिएरा लिओन येथे तीव्रतेने उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी :
मार्च १९९१ मध्ये फोडे सँकोह याच्या 'रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट' (आरयूएफ) या संघटनेने बंड पुकारले. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरचे पाठबळ आणि हिऱ्यांच्या खाणींतून मिळणारा पैसा यांमुळे ते चिघळले. ७ जुलै १९९९ च्या लोमे कराराने सँकोहला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा व खनिज संपत्तीविषयक आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. चोराच्याच हाती किल्ल्या देण्याचा हा प्रकार होय.

ठराव आणि प्रत्यक्ष :
२२ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १२७० द्वारे ६,००० सैनिकांची 'युनाम्सिल' ही मोहीम स्थापन केली. नागरिकांवर प्रत्यक्ष धोका ओढवल्यास त्यांचे संरक्षण करण्याचा अधिकार तिला सनदेच्या सातव्या प्रकरणान्वये देण्यात आला. मात्र तो सेनेच्या क्षमतेच्या व तैनातीच्या मर्यादेतच. या मर्यादेतच पुढील संकटाचे बीज होते.

मे २००० मध्ये आरयूएफने सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहुन येथे भारतीय गुरखा सैनिक वेढले गेले. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. पण संख्याबळ व रसद यांअभावी वेढा फोडणेही शक्य नव्हते. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर मेजर जनरल विजयकुमार जेटली यांच्या नेतृत्वाखाली जुलैच्या मध्यास 'ऑपरेशन खुकरी' राबविण्यात आले. त्यात घाना व नायजेरियाच्या तुकड्या आणि ब्रिटिश हेलिकॉप्टर्सही सहभागी होती. दोनशेहून अधिक सैनिक सुखरूप बाहेर पडले.

या यशानंतरही मतभेद शमले नाहीत. जेटली यांच्या गोपनीय अहवालातील नायजेरियन अधिकाऱ्यांवरील आरोप बाहेर फुटले, नायजेरियाने ते नाकारले, आणि सप्टेंबर २००० मध्ये भारताने आपले पथक मागे घेण्याचे जाहीर केले. सैनिक भारताचे, परंतु ठरावाचा मसुदा ठरविणाऱ्या परिषदेत भारताला कायम स्थान नाही, ही विसंगती येथे नजरेआड करता येत नाही.

पुढे मार्च २००१ मध्ये मंजूर सैन्यसंख्या १७,५०० झाली. तथापि केवळ संख्यावाढीला यशाचे श्रेय देणे उचित नाही. ब्रिटिश सैन्य राष्ट्रसंघाच्या आधिपत्याबाहेर राहून सरकारच्या पाठीशी उभे होते. जुलै २००० च्या ठराव क्र. १३०६ ने प्रमाणपत्राविना होणाऱ्या हिरेव्यापारावर बंदी घातली होती. सुमारे ७५,००० लढवय्यांचे निःशस्त्रीकरण झाले व जानेवारी २००२ मध्ये युद्धसमाप्ती घोषित झाली. डिसेंबर २००५ मध्ये मोहीम संपुष्टात आली. टेलरला शिक्षा होण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले.