झोपलेला नायक, जागा प्रेक्षक

पडद्याची भाषा : लेखांक ५

रहस्यपट आपल्यापासून काहीतरी लपवतो, तर थरारपट आधीच काहीतरी सांगून ठेवतो आणि मग जीव टांगणीला लावतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. हे 'आधीच सांगणं' किती आधी सुरू होतं? आल्फ्रेड हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये (१९५४) ते नायक जागा होण्याच्याही आधी सुरू होतं.

श्रेयनामावली चालू असतानाच खिडकीवरचे पडदे एकेक करून वर गुंडाळले जातात. पलीकडे न्यूयॉर्कमधल्या वस्तीचं मागचं अंगण दिसतं. ३१ घरांचा हा सेट पॅरामाउंट स्टुडिओत उभारला होता. पारा ९० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलाय. उकाड्यामुळे सगळ्या खिडक्या सताड उघड्या. कोणी दाढी करतंय, एक जोडपं लोखंडी जिन्याच्या सज्जात गादी टाकून झोपलंय, एक नर्तकी सकाळची कामं उरकता उरकता व्यायाम करतेय. एका उकाड्याने कथेतल्या सगळ्या घरांची दारं आपल्याला उघडून दिली.

मग कॅमेरा खोलीत वळतो. खुर्चीत घामाने डबडबलेला नायक (जेम्स स्टुअर्ट) झोपलाय. त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि त्यावर थडग्यावरच्या लेखाच्या थाटात त्याचं नाव लिहिलंय. टेबलावर मोडका कॅमेरा. भिंतीवर मोटारशर्यतीतल्या अपघाताचा फोटो, त्यात निखळलेलं चाक थेट आपल्या अंगावर येतंय. एकही संवाद नाही, तरी पाय कसा मोडला ते कळलं. त्याहून मोलाचं म्हणजे, चाक अंगावर येत असतानाही हा माणूस बाजूला झाला नाही, हे कळलं. नजर हटवणं त्याच्या स्वभावातच नाही.

हा चित्रपट कॉर्नेल वुलरिचच्या १९४२ सालच्या कथेवर बेतलेला आहे. त्या कथेत निवेदकाच्या पायाला प्लास्टर आहे, हे अगदी शेवटी उघड होतं. वाचक चकित होतो आणि कथा संपते. हिचकॉकने तोच तपशील शेवटून उचलून आरंभी आणला. हा माणूस पळू शकणार नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच पुढे त्याच्या दाराबाहेर पावलं वाजतात तेव्हा आपण आपलेच पाय आखडून घेतो. कथेतला क्षणभराचा धक्का चित्रपटात दीड-पावणेदोन तासांची धास्ती झाला.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नायक झोपलाय, आणि खिडकीकडे त्याची पाठ आहे. मग इतका वेळ शेजाऱ्यांच्या घरांत डोकावलं कोण? आपणच! पुढे तो दुर्बीण उचलतो तेव्हा त्याला बोल लावण्याचा हक्क आपण आधीच गमावलेला असतो. उत्तम थरारपट नायकाला संकटात टाकण्याआधी प्रेक्षकाला त्यात सामील करून घेतो. मला या आरंभाची थोरवी इथेच वाटते.

हा प्रसंग घरी एकदा आवाज बंद करून पाहा. नायकाचा पेशा, स्वभाव आणि त्याची अडचण, काय काय समजलं ते कागदावर उतरवा. यादी लांबत जाईल.

पुढच्या लेखात ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (१९५८) आरंभ पाहू. तिथे मोटारीत टाइमबॉम्ब ठेवलेला आहे, आणि स्फोट होईपर्यंत कॅमेरा एकदाही कट घेत नाही.