प्रिंटर का रुसतो? लिनक्सवरच्या छपाईचा कार्यकारणभाव

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला हटकलं. म्हणाले, सर, जन्मभर तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत, आता हे प्रिंटर दुरुस्तीचं काय काढलंत? आमचं उत्तर असं की बंद पडलेला प्रिंटर हा तर्कशास्त्राचाच प्रश्न आहे. कार्य दिसत नाही, म्हणजे कागद बाहेर येत नाही. कारण मात्र पाच-सहा ठिकाणी असू शकतं. नेमकं कुठे आहे ते शोधायचं. न्यायशास्त्राचे विद्यार्थी वर्गात धूर आणि अग्नी घेऊन बसतात, आपण आज कागद आणि शाई घेऊन बसू.

विषय आत्ताच घेण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ज्यांच्यावर बसत नाही असे कितीतरी धडधाकट संगणक आपल्या भागात शाळांत, वाचनालयांत, पतसंस्थांत, झेरॉक्सच्या दुकानांत आहेत. त्यांतल्या काहींवर आता उबुंटू किंवा मिंट आलं आहे. इंटरनेट चालतं, मराठी टाइप होतं, सगळे खूश असतात. मग कुणीतरी सातबारा छापायला जातो आणि कागद येत नाही. लगेच निकाल लागतो : 'लिनक्सवर प्रिंटर चालत नाही.' हा निकाल चुकीचा आहे. आपल्या देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली उबुंटूच दिलं गेलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्याच्या चमूने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. न्यायालयाइतका कागद दुसरं कोण छापतं? तेव्हा चालतं. मात्र चालत नाही तेव्हा कुठे बघायचं, ते माहीत हवं.

आधी एक पान कसं प्रवास करतं ते पाहू. हे नीट समजलं की निम्मं काम झालं.

तुम्ही छापा असं सांगता तेव्हा लिब्रेऑफिस किंवा ब्राउझर त्या पानाची बहुतेक वेळा पीडीएफ करून 'कप्स' नावाच्या व्यवस्थेच्या हाती देतो. कप्स हे लिनक्सवरचं छपाईचं पोस्ट ऑफिस समजा. मायकेल स्वीट यांच्या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये त्याचं काम सुरू केलं, १९९९ मध्ये ते लोकांसमोर आलं, पुढे २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं. म्हणजे महागड्या मॅकवर छापणारा माणूस आणि म्हसवडात जुन्या डब्यावर छापणारा माणूस, दोघांचंही टपाल एकाच जातीच्या पोस्टातून जातं. कप्स ते पान रांगेत लावतं. मग 'फिल्टर' नावाचे छोटे कार्यक्रम त्याचं रूपांतर करतात, पीडीएफमधून त्या प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत. शेवटी 'बॅकएंड' नावाचा पोस्टमन ते यूएसबीच्या तारेतून किंवा वायफायवरून प्रिंटरच्या दारात टाकतो.

यात ड्रायव्हर कुठे बसतो? आपल्याकडे ड्रायव्हर म्हटलं की एसटीचा डोळ्यांसमोर येतो आणि घोटाळा होतो. इथला ड्रायव्हर गाडी हाकत नाही. तो दुभाषा आहे. संगणक एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. काही प्रिंटरांना पोस्टस्क्रिप्टसारखी सर्वांना ठाऊक असलेली भाषा येते, त्यांचं भागतं. पण स्वस्त प्रिंटरांत कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी आतली बुद्धी काढून टाकली, सगळं काम संगणकावर ढकललं आणि वर आपली खाजगी बोली ठेवली. त्या बोलीचा दुभाषा विंडोजसाठी सीडीवर मिळायचा. लिनक्सवाल्यांना तो स्वतः घडवावा लागला, किंवा कंपनीने दिलाच तर ती देईल तसा घ्यावा लागला.

हे भांडण जुनं आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला. तो कागद अडकवायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की संबंधितांना संगणकावर निरोप यावा. नव्या प्रिंटरचा मूळ कोड त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे होता, पण त्याने गुप्ततेचा करार केला होता, त्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा नकार ते स्वतः सांगत आले आहेत. तेव्हा लिनक्सच्या जगात प्रिंटरचा प्रश्न मागाहून चिकटलेला नाही. मुळाशीच प्रिंटर आहे.

आता दोष शोधण्याकडे येऊ. आपली म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. याला काकतालीय न्याय म्हणतात. प्रिंटरच्या बाबतीत माणसं हमखास यात अडकतात. तार काढून लावली, संगणक बंद-चालू केला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, चार बटणं दाबली आणि प्रिंटर सुरू झाला. कशामुळे झाला? कळायला मार्ग नाही. पुढच्या आठवड्यात परत तीच पूजा. यावर उतारा अन्वय आणि व्यतिरेक : कारण असलं की कार्य असतं का, कारण काढलं की कार्य जातं का. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते कागदावर लिहून ठेवायचं.

पहिला प्रश्न, संगणकाला प्रिंटर दिसतो का? टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत 'एल एस यू एस बी' सलग टाइप करा. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. त्यात प्रिंटरच्या कंपनीचं नाव नसेल तर ड्रायव्हरचा विचारच करू नका. तार, खोबण किंवा वीज बघा. दुभाषा कितीही हुशार असला तरी पाहुणा घरात आलेलाच नाही.

दुसरा प्रश्न, पोस्ट उघडं आहे का? 'एलपीस्टॅट', मग एक जागा सोडून उणेची रेघ आणि टी. यात कप्स चालू आहे की नाही, रांगा कोणत्या, कोणती थांबवलेली आहे, कोणतं काम अडकलं आहे, सगळं दिसतं. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत 'लोकलहोस्ट' लिहून, विसर्गासारखी दोन टिंबं देऊन ६३१ लिहावं. कप्सचं स्वतःचं पान उघडतं. ६३१ हा छपाईच्या आयपीपी या नियमावलीला ठरवून दिलेला दरवाजा आहे.

इथेच एक गंमत सापडते आणि आमच्या पाहण्यात निम्म्या तक्रारी इथेच संपतात. प्रिंटर बंद असताना कुणीतरी छापायला सांगितलेलं असतं. पोस्टमन दारात जाऊन परत येतो. बऱ्याच ठिकाणी कप्सची मांडणी अशी असते की असं झालं की ती रांगच थांबवायची. नंतर प्रिंटर चालू केला तरी रांग थांबलेलीच राहते, कारण ती पुन्हा सुरू करा असं कुणी सांगितलेलंच नाही. माणूस चिडून त्याच पानाला चौदा वेळा छापा म्हणतो. मग कुणीतरी जाणता येऊन रांग सुरू करतो आणि चौदा प्रती एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. म्हणून आधी जुनी कामं रद्द करावीत, मग 'कप्सएनेबल' लिहून पुढे रांगेचं नाव द्यावं, किंवा त्या पानावरचं रांग चालू करण्याचं बटण दाबावं.

तिसरा प्रश्न भाषांतराचा. रांग चालू आहे, काम पुढे सरकलं आणि 'फिल्टर फेल्ड' अशी अक्षरं आली, तर दुभाषाच गैरहजर आहे किंवा मध्येच कोसळला आहे. याउलट, काम 'पूर्ण' झालं असं संगणक म्हणतो आणि कागद मात्र येत नाही, किंवा पानंच्या पानं अगम्य चिन्हांनी भरून येतात. वरच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पी एस ही अक्षरं दिसली की समजा, पोस्टस्क्रिप्ट न येणाऱ्या प्रिंटरला कुणीतरी पोस्टस्क्रिप्ट वाचून दाखवलं आहे. पत्र पोचलं, दुभाषा चुकीचा निवडला होता. ही लक्षणं वेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. सरसकट 'ड्रायव्हर परत टाका' हा सल्ला म्हणजे प्रत्येक तापाला एकच गोळी.

आता एचपीचा लेसरजेट १०२० घेऊ, कारण आपल्याकडे तो घरोघरी आहे. दणकट यंत्र. पण त्याचा स्वभाव असा की वीज गेली की तो स्वतःचं चालकज्ञान, म्हणजे फर्मवेअर, विसरतो. दर वेळी चालू झाला की संगणकाने ते त्याला नव्याने पाठवावं लागतं. आमच्या माणदेशात याचा काय अर्थ होतो बघा. संगणक इन्व्हर्टरवर असतो, लेसर प्रिंटर नसतो, कारण त्याची आतली भट्टी फार वीज ओढते. वीज जाते, संगणक चालूच राहतो, प्रिंटर विझतो. वीज आली की हिरवा दिवा लागतो, सगळ्यांना वाटतं सारं ठीक आहे. पण ते फर्मवेअर पाठवण्याची व्यवस्था बिघडलेली असेल तर समोर बसलेलं यंत्र म्हणजे स्मृती गेलेला माणूस.

ती व्यवस्था बिघडते कशी? एचपीने लिनक्ससाठी 'एचपीलिप' नावाचा संच दिला आहे. त्यातला मोठा भाग मुक्त आहे, पण १०२० सारख्या काही मॉडेलांसाठी एक बंदिस्त जोडतुकडा, प्लगिन, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आणि प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. संगणकाने रात्री स्वतःला अद्ययावत केलं, एचपीलिप पुढे गेलं, प्लगिन मागे राहिलं. सकाळी प्रिंटर मुका.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत एका वाचनालयात अगदी हेच झालं. शेवटची तारीख दोन दिवसांवर, बाहेर पोरंपोरी कागद घेऊन उभी. एका दुकानदाराने येऊन सांगितलं, प्रिंटर जुना झाला, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. वाचनालयाच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीएवढा तो आकडा होता. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आधी लिहून काढलं : परवा चालत होता, काल नाही, मधे काय बदललं? संगणकाच्या नोंदीत आदल्या रात्रीचं अद्ययावतीकरण दिसलं. तिने टर्मिनलमध्ये 'एचपी', आडवी रेघ, 'प्लगिन' एवढं लिहिलं, तुकडा उतरला, प्रिंटर बंद करून चालू केला आणि अर्ज छापले गेले. खर्च शून्य. तिच्याजवळ यंत्राचं ज्ञान दुकानदारापेक्षा जास्त होतं असं नाही. तिने प्रश्न बरोबर विचारला.

१०२० साठी दुसराही मार्ग आहे, 'फूटूझेडजेएस' हा स्वयंसेवकांनी घडवलेला दुभाषा. मात्र दोघांना एकाच घरात ठेवू नये. दोघंही प्रिंटरचा ताबा मागतात आणि भांडण लागतं. एक निवडा, दुसरा काढा. कॅनॉनचा एलबीपी २९०० ही आणखी एक वेगळी कहाणी. त्याची बोली कॅप्ट. कॅनॉनचा लिनक्स ड्रायव्हर टाकला तरी 'सीसीपीडी' नावाचा एक सेवक पार्श्वभूमीला सतत चालू राहावा लागतो. तो झोपला की प्रिंटर झोपला. शिवाय त्या ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांना ३२ बिटांची ग्रंथालयं लागायची, ती आताच्या ६४ बिटांच्या संगणकांवर आपोआप नसतात.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर कप्सची रोजनिशी वाचावी. व्हार, त्याच्या आत लॉग, त्याच्या आत कप्स, आणि तिथे 'एरर लॉग' नावाची फाइल. एरव्ही ती मोघम बोलते. 'कप्ससीटीएल' लिहून पुढे दोन रेघा आणि 'डीबग-लॉगिंग' जोडलं की सविस्तर बोलायला लागते. एक पान छापा, लगेच फाइल उघडा, खालून वर वाचत जा. शेवटची ओळ सहसा परिणाम असते, कारण त्याच्या वर दहा-वीस ओळींत असतं. काम झालं की ते सविस्तर बोलणं बंद करायचं, नाहीतर फाइल फुगत जाते.

आता चिठ्ठ्या घेऊ. पहिली : पडद्यावर मराठी बरोबर दिसतं, छापताना जोडाक्षरं तुटतात किंवा चौकोन येतात, कोणता ड्रायव्हर टाकू? कोणताच नको, आधी तपासा. तीच फाइल छापण्याऐवजी पीडीएफ म्हणून साठवा आणि उघडून बघा. पीडीएफमध्येच चौकोन असतील तर प्रिंटर निर्दोष आहे, दोष फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतनातली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की असंच होतं. तिचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करायला हवं. पीडीएफ नीट असेल आणि कागदच बिघडत असेल, तरच संशय फिल्टरकडे वळवा. व्यतिरेक म्हणतात तो हाच.

दुसरी : वायफायचा नवा प्रिंटर यादीत दोनदा दिसतो, एका नावावर छापलं तर येतं, दुसऱ्यावर नाही. याचं कारण असं की नव्या प्रिंटरांना दुभाषाच लागत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, त्यानंतर आयपीपी एव्हरीव्हेअर हा खुला नियम आला. असे प्रिंटर सगळ्यांना ठाऊक असलेली भाषा बोलतात आणि लिनक्स त्यांना आपणहून ओळखतं. तुम्ही जुन्या सवयीने वेगळा ड्रायव्हर टाकलात, म्हणून दुसरी रांग तयार झाली. जी चालत नाही ती काढून टाका. आणि प्रिंटर दिसतच नसेल तर तो आणि संगणक एकाच वायफायवर आहेत ना, ते बघा. घरात दोन राउटर असले की हा घोळ फार होतो.

तिसरी चिठ्ठी वाचनालयातूनच आहे : नवा घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा, आणि जुन्या १०२० चं पुढे काय? नवा घेताना दुकानात कंपनीचं कुठलंही ॲप न टाकता आपल्या मोबाइलवरून एक पान छापून मागा. ते आलं तर लिनक्सवरही बहुधा अडचण येणार नाही. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं आहे का, तेही बघा. जुन्याची गोष्ट अशी, की कप्सची येणारी तिसरी पिढी जुन्या धर्तीचे ड्रायव्हर थेट घेणार नाही. त्यासाठी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' म्हणून मधला थर तयार केला जात आहे. तो जुन्या प्रिंटरला नव्या प्रिंटरचा वेष चढवतो आणि आत जुनाच दुभाषा काम करतो. तोवर सध्याची चालती व्यवस्था, एचपीलिपची आवृत्ती आणि प्लगिन टाकल्याची तारीख एका कागदावर लिहून प्रिंटरच्या पाठीला चिकटवून ठेवा.