'क' तांबडा, 'म' निळा

भुसावळ हे रेल्वेचे गाव. येथील पोरांना अक्षरओळखीच्या आधी सिग्नलचा लाल-हिरवा कळतो. पण एखादी मुलगी पाटीवर गिरवता गिरवता म्हणाली, "आई, 'क' तांबडा आहे आणि 'म' निळा," तर घरात काय होते? कोणी हसते, कोणी दटावते, तर कोणी हळूच भगताचे नाव सुचवते. आमच्या वस्त्यांतून भगताचा धंदा अजून पुरता उठलेला नाही, हे दुःखाने लिहावे लागते.

माता-पित्यांनो, हे वेड नव्हे. याला सिनेस्थेशिया म्हणतात. एक संवेदना जागी झाली की तिच्यासोबत दुसरीही जागी होते. अक्षराला रंग येतो, सुराला आकार. शाई काळी आहे हे त्या मुलीला पक्के ठाऊक असते. शंभरांत सुमारे ४ माणसांना या ना त्या प्रकारे असे होते, आणि ते पुष्कळदा घराण्यात चालत येते. तेव्हा आजीला किंवा मामाला विचारून पाहावे!

मूळचे तामिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी एडवर्ड हबर्ड यांच्यासह अमेरिकेत २००१ साली एक साधी चाचणी मांडली. पाचांच्या गर्दीत दोनचे आकडे त्रिकोणात पेरले. इतरांना ते शोधत बसावे लागले. अशा माणसांना मात्र रंगामुळे त्रिकोण लवकर सापडला. म्हणजे ही थाप नव्हे.

मग मनाच्या आजाराशी याचा संबंध काय? रंग दिसतात म्हणून मन आजारी पडते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र मन खिन्न असताना अक्षरांचे रंग काळपट होतात, असे २०१५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. म्हणून मुलगी "हल्ली माझे रंग मळलेत" म्हणाली, तर रंगाची नव्हे, मनाची चौकशी करावी. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-जेवण बिघडले असेल, किंवा उलट झोपेविना अचाट उत्साह चढला असेल, तर डॉक्टर गाठावा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

डॉक्टरांना एक गोष्ट आधीच सांगावी: हे रंग लहानपणापासूनचे आहेत. नाहीतर ते भास समजले जाण्याचा धोका असतो. मोठेपणी एकाएकी दिसू लागले असतील, तर तेही सांगावे. त्याची तपासणी वेगळी असते.