ग्राफिक्स कार्ड : जुने घ्यावे की नवे?

बारावीनंतर घरात कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की मुलगा ग्राफिक्स कार्डाचे एक नाव सांगतो, दुकानदार दुसरे सुचवतो, आणि अब्बांना दोन्ही नावे सारखीच वाटतात. रॅमचा आकडा मोठा तर रॅम जास्त, हा हिशेब सरळ आहे. ग्राफिक्स कार्डाचा आकडा मात्र तसा वाचला तर फसगत होते. हे कार्ड आता केवळ गेम खेळणाऱ्यांपुरते राहिलेले नाही. व्हिडिओ एडिटिंग, आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींनाही ते लागते, आणि कित्येकदा सगळ्या कॉम्प्युटरमध्ये सर्वांत महाग वस्तू तीच असते.

आधी नाव कसे वाचायचे ते पाहू. एनव्हिडिया कंपनीच्या 'आरटीएक्स ३०६०' या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. ५० आणि ६० या खालच्या पायऱ्या, ७० मधली, ८० आणि ९० वरच्या. नावापुढे 'टीआय' किंवा 'सुपर' असेल तर ते त्याच पायरीवरचे जरा जोरकस कार्ड. दुकानात पिढीचीच जास्त चर्चा होते. वेग मात्र पिढी आणि पायरी दोन्ही मिळून ठरतो.

याचे चांगले उदाहरण म्हणजे जीटीएक्स १०८० टीआय. हे कार्ड मार्च २०१७ मध्ये आले. मेमरी ११ जीबी, अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, आरटीएक्स ३०६० आले. मेमरी १२ जीबी, किंमत ३२९ डॉलर. दोघांत दोन पिढ्यांचे अंतर. तरी त्या काळच्या बहुतेक गेममध्ये ही दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीने चालतात, कधी कधी जुनेच थोडे पुढे असते. २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० या दोघांच्या पुढे आहे, पण तीन पिढ्यांचा फरक डोळ्यांत भरावा इतके नाही.

मग जुने १०८० टीआय स्वस्तात मिळाले तर घ्यावे का? इथे वेगाव्यतिरिक्तच्या गोष्टी आड येतात. पहिली वीज. जुने कार्ड पूर्ण जोरात २५० वॅट घेते, ४०६० फक्त ११५. रोज चार तास वापर धरला तर फरक दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला सुमारे सोळा. शिवाय एवढी वीज पुरवणारा चांगला पॉवर सप्लाय हवा. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेला चालत नाही. आणि मे महिन्यात त्या खोलीत किती गरम होईल, ते वेगळेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २०१८ मध्ये 'आरटीएक्स' नावाची कार्डे आली, तेव्हापासून त्यांत प्रकाशकिरणांचे गणित करणारा वेगळा भाग असतो. याला रे ट्रेसिंग म्हणतात. जुन्या जीटीएक्स कार्डांत तो भागच नाही. बरीच वर्षे त्याने फारसे बिघडले नाही, पण डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने हा भाग सक्तीचा केला आणि किमान आरटीएक्स २०६० सुपर मागितले. अ‍ॅनिमेशन शिकणारे 'ब्लेंडर' वापरतात. तोही चित्र रेंडर करताना हा भाग कामाला लावतो. त्यामुळे गेममध्ये बरोबरीत असलेले ३०६० ब्लेंडरमध्ये १०८० टीआयच्या खूप पुढे जाते. तेव्हा मुलगी अ‍ॅनिमेशन शिकत असेल तर गेमच्या तुलना पाहून कार्ड निवडू नये.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर. नव्या गेमसाठी कंपनी कार्डाचे सॉफ्टवेअर सुधारत राहते. १०८० टीआयच्या पिढीसाठी एनव्हिडियाने हे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

इतके वाचून नवे ते चांगलेच असे वाटेल. तसेही नाही. एएमडी कंपनीचे आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये आले. मेमरी फक्त ४ जीबी, आणि मदरबोर्डशी बोलण्याच्या वाटा फक्त चार. नव्या मदरबोर्डवर ते कसेबसे निभावते. जुन्यावर त्या वाटांचा वेग निम्मा होतो आणि कित्येक गेममध्ये हे कार्ड त्याच कंपनीच्या २०१७ च्या ८ जीबी आरएक्स ५८० च्याही मागे पडते. म्हणजे ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे आणि जे स्वस्त कार्ड शोधतात, नेमके त्यांनाच ते सर्वांत वाईट. त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागही नाही.

एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकणे ही या धंद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट. जीटी १०३० दोन प्रकारांत मिळते. एकात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात जेमतेम १७. खोक्यावर नाव तेच. फरक बारीक अक्षरांत, 'जीडीडीआर ५' की 'डीडीआर ४' एवढाच. ३०६० चेही तसेच. १२ जीबीचे कार्ड लोकप्रिय झाल्यावर ८ जीबीचे आले. लोकांना वाटले, चार जीबी मेमरीच कमी आहे. प्रत्यक्षात मेमरीचा वेगही सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर आणलेला होता. म्हणून बिलावर पूर्ण नाव, मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, हे लिहून घ्यावे.

जाहिरातींचे आकडे तर आणखी जपून वाचायला हवेत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७०, १५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम देईल. हे खरे ठरते कधी? ५०७० प्रत्यक्ष काढलेल्या एका फ्रेमला कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या तीन फ्रेम जोडते, तेव्हा. त्याने पडद्यावरची हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर खेळाडू हलायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. या जोडलेल्या फ्रेम बंद केल्या तर ५०७० हे ४०९० च्या बरेच मागे, मागच्या पिढीच्या ४०७० सुपरच्या आसपास येते. तुलना पाहताना अशा फ्रेम धरल्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यांसाठी थोडे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे जगभर विकायला निघाली. असे प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही, पण पंखे झिजलेले असू शकतात. लॅमिंग्टन रोडवरून घ्या वा ओळखीच्या मुलाकडून, कार्ड चालू कॉम्प्युटरमध्ये बसवून अर्धा तास जड गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंख्यांचा खरखराट, पडद्यावर रंगीत ठिपके, अचानक बंद पडणे, यांतले काही दिसले तर सौदा सोडावा. आणि 'जीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम चालवून पाहावा. फार जुन्या कार्डाचे अंतर्गत नाव बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. हा प्रोग्राम अशी अनेक बनावट कार्डे ओळखतो आणि नावापुढे तसे दाखवतो.