राज्यविसर्जनाचे दोन पंथ

अराज्यवादी आणि मार्क्स-लेनिनवादी या दोन्ही पंथांना अखेर वर्गविहीन व राज्यविहीन समाजच अभिप्रेत आहे. त्यांचे हाडवैर आहे ते क्रांतीनंतर सत्तेचा अंमल कोणाच्या हाती आणि किती काळ राहावा, या प्रश्नावरून. 1872 च्या सप्टेंबरात हेग येथे आंतरराष्ट्रीय श्रमिक संघाने बाकुनिनला बहिष्कृत केले, परंतु त्या कलहाचे मर्म ठरावांच्या दप्तरापेक्षा मार्क्सच्या एका टिपणवहीत अधिक स्पष्ट दिसते. श्रमिकांचे प्रतिनिधी शासक होताच श्रमिक उरणार नाहीत, असे बाकुनिनने 1873 च्या ग्रंथात बजावले होते. त्याचा उतारा घेताना मार्क्सने शेजारी लिहिले की, कारखानदार नगरपालिकेचा सभासद झाला म्हणून तो भांडवलदार असण्याचे थांबत नाही, तसेच हेही. उत्तर चतुर आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. कारण कारखानदाराचा कारखाना त्याच्या मालकीचाच राहतो, श्रमिकाचे यंत्र मात्र कारखान्यातच मागे राहते.

लेनिनने 1917 साली ‘राज्य आणि क्रांती’ लिहून, श्रमजीवी वर्गाच्या हुकूमशाहीचे प्रयोजन सरताच राज्यसंस्था आपोआप लोप पावेल, असा एंगल्सचा सिद्धान्त पुन्हा मांडला. त्याची कसोटी 1921 च्या मार्चमध्ये क्रोनश्टाटच्या बंदरात लागली. ज्या आरमारी खलाशांच्या बळावर ऑक्टोबर क्रांती यशस्वी झाली, त्याच आरमाराच्या ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ नौकेवर 28 फेब्रुवारीस झालेल्या ठरावात 15 मागण्या होत्या: सोव्हिएटांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्याव्यात, श्रमिक-शेतकऱ्यांना व अराज्यवाद्यांनाही भाषण-मुद्रणस्वातंत्र्य द्यावे, शिधा सर्वांस समान मिळावा. जमीनदारांना परत आणा, असे त्यात एक अक्षरही नव्हते. तरीही गोठलेल्या समुद्रावरून लाल सेना चालून गेली आणि 18 मार्चला, म्हणजे पॅरिस कम्यूनच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, बंड पुरते मोडले गेले. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने अंतर्गत गटांवरही बंदी घातली. बाकुनिनचे भाकीत खरे ठरले, असेच मला वाटते.

तथापि यादवी, दुष्काळ आणि वेढा यांत सापडलेल्या देशाचा बंदोबस्त केंद्रीय सत्तेवाचून कसा करावा, याचे उत्तर अराज्यवाद्यांनाही साधलेले नाही. स्पेनमध्ये 1936 च्या नोव्हेंबरात त्यांच्यापैकी चौघांनी चक्क मंत्रिपदे स्वीकारली, आणि पुढील वर्षी मे महिन्यात बार्सिलोनाच्या रस्त्यांवर त्यांचे व कम्युनिस्टांचे सशस्त्र झगडे झाले.

हा वाद आपल्या दारापर्यंत आला होता. मद्रासकडील एम. पी. टी. आचार्य 1920 साली ताश्कंदमध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासह हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते. मतभेद होऊन ते अराज्यवादाकडे वळले, 1935 च्या सुमारास मुंबईस आले आणि 1954 मध्ये तेथेच हलाखीत निवर्तले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विद्वानांमुळे रॉय यांचा विचार मराठीत रुजला. आचार्यांच्या विखुरलेल्या लेखांकडेही आपल्या अभ्यासकांनी आता वळावे, ही विनंती.